आरशामागची खोली

डुलुथमधल्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
दोन खोल्या होत्या आणि मधे एक आरसा.
त्यांच्या बाजूने आरसा, आमच्या बाजूने काच.
तिकडे बाबा आणि सहा वर्षांचा आर्वो,
इकडे डेलफिन, तिचा माइक आणि मी,
कारण मला ठेवायला दुसरं कुणाचं घर नव्हतं.
आई रात्रपाळीवरून येऊन झोपलेली असायची.

त्याआधी शाळेतून बावीस फोन आले होते.
एका मुलीच्या दंडावर दातांची महिरप,
बसची तडकलेली खिडकी.
डॉक्टर म्हणाले, गोळी आहे, पण आधी हे करून बघा.
शेजारचे कोस्कीआजोबा म्हणाले, पट्टा आहे की.
आणि यादी होती. यादीत आम्ही एकोणचाळिसावे.
नंबर लागेस्तोवर सरोवर गोठलं
आणि काठाकाठाने फुटायलाही लागलं.
मग विमा कंपनीने चौदा खेपा मंजूर केल्या,
जणू कुणी मोजूनच ठेवलं होतं
माणूस कितव्या खेपेला बदलतो ते.

बाबाच्या कानात एक छोटंसं यंत्र.
नियम सोपे होते म्हणे:
प्रश्न नाही. हुकूम नाही. चूक काढायची नाही.
पाच मिनिटं, तो जे करतोय तेवढंच बोलायचं.

लोखंडाच्या धक्क्यावर एकवीस वर्षं ओरडत आलेला माझा बाप,
तिथे जहाजाच्या भोंग्यावर आवाज चढवावाच लागतो,
बुटक्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसला
आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना.
"निळा ठोकळा," डेलफिन माइकमध्ये कुजबुजली.
"तू... निळा ठोकळा घेतलास," बाबा म्हणाला,
परक्या गावात पहिल्यांदा पत्ता विचारावा तसं.
आर्वोने तो ठोकळा त्याच्या कपाळावर हाणला.
"लक्ष देऊ नका. तुमचा मनोरा रचत राहा."
बाबाचा कान लालबुंद.
हात उठला. मी डोळे मिटले.
उघडले तेव्हा त्या हातात पिवळा ठोकळा होता,
आणि तो थरथरत होता.

सहाव्या खेपेला डेलफिन कसलासा कागद आणायला बाहेर गेली.
माइक चालूच. एवढासा हिरवा दिवा.
मला खूप सांगायचं होतं:
की चित्रकलेच्या तासाला मी आपल्या घराला दारच काढलं नाही,
की माझ्यासाठी शाळा फोन करत नाही, कारण मी चावत नाही,
की फुटलेलं सगळं मी वेचते, तू घरी यायच्या आत.
काहीच बोलले नाही. नुसता श्वास गेला असेल.
बाबाने मान वर केली, थेट माझ्याकडे पाहिलं.
त्याला दिसला असेल तो स्वतःच,
कपाळावर खोक, केसात लाकडाचा भुसा.
तरी तो हसला.
कुणाकडे बघून, ते मी अजून विचारलेलं नाही.

चौदा खेपा संपल्या. आर्वो बरा झाला
असं मी म्हणणार नाही.
पुढे गोळी आली, मुलांचा गट आला,
मंगळवारी घरी येणारा एक उंच, लाजरा माणूस आला;
काही लागू पडलं, काही नाही,
गोळीने तर तो महिनाभर जेवलाच नाही.

पण त्या उन्हाळ्यात एका रात्री आईचा कप फुटला
आणि बाबा दारात येऊन थांबला.
कानात यंत्र नाही, काचेपल्याड कुणी नाही.
आम्ही दोघं टेबलाखाली.
आर्वो तिथूनच म्हणाला, एकेक शब्द
ठोकळ्यासारखा ठेवत:
"तू दारात उभा आहेस.
तू टोपी काढलीस.
तू ओरडत नाहीयेस."

बाबा खाली बसला. बुटांसकट, फरशीवर, कपच्यांच्या कडेला.
बराच वेळ त्याला काही सुचलं नसावं.
मग त्याने वाकून टेबलाखाली पाहिलं
आणि म्हणाला, "आणि तू,
तू त्याचा हात धरलायस."

ते 'तू' म्हणजे मी होते.